कारणासह बाद

धान चुरून झालं, घरामागं तणसाचे ढीग लागले, रिकाम्या बांध्यांतल्या धसकटांवर सकाळचं दव चमकायला लागलं, की आमच्या झाडीपट्टीत कबड्डीचे दिवस येतात. एखाद्या गावातली पोरं एक बांधी निवडतात, धसकटं खरडून काढतात, माती भिजवून दाबतात, चुन्याच्या रेघा ओढतात, आणि दुसऱ्या दिवसापासून भोंग्यावर ‘हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग’ सुरू. तो आवाज कानावर आला की माझी बोटं आपोआप हलायला लागतात. तांदूळ निवडत असले तर ताटातच टायपिंग. नवरा म्हणतो, “आलं का अंगात?” आलं बाबा. दर हिवाळ्यात येतं, त्याला मी काय करू?

परवा मोबाइल समोर ठेवून बसले होते. डोंगेघाटचे सामने आता थेट दिसतात. वरून उडता कॅमेरा, कोपऱ्यात पळता गुणफलक, खाली लोकांचे अंगठे आणि बदाम. शेजारी अनुसयाबाई. डोळे दाखवायला गडचिरोलीच्या दवाखान्यात आली की ती माझ्याकडेच उतरते. आता थकली आहे, पण आवाज तोच, अर्धी गल्ली जागी करणारा. थोडा वेळ पाहिलं आणि आम्ही दोघीही कंटाळलो. खेळाडू धावतात, धरतात, सुटतात, बाद होतात. नुसतेच बाद होतात! आमच्या वेळी असं नव्हतं हो. आमच्याकडे गडी कारणासह बाद व्हायचा, आणि ते कारण जगभर जायचं.

तेव्हा, म्हणजे नव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत, गडचिरोलीत आमच्यापुरतं इंटरनेट म्हणजे प्रमोदभाऊचं दुकान. आधी त्याचा टायपिंगचा क्लास होता. मशिनं विकून त्यानं दोन संगणक आणले, दारावर पाटी रंगवली आणि क्लासमधली सगळ्यात वेगवान पोरगी म्हणून मला खुर्चीत बसवलं. मी टायपिंगची परीक्षा पास होऊन सरकारी नोकरीची वाट पाहत होते. आमच्या जिल्ह्यात तेव्हा तोही एक पूर्णवेळ धंदाच होता.

प्रमोदभाऊनं जिल्ह्याची वेबसाइट काढली. काढली खरी, पण तिच्यात घालायचं काय? बदल्या आणि बसच्या वेळा. बसच्या वेळा खोट्या निघायच्या, बदल्या खऱ्या निघायच्या, आणि दोन्हींपायी लोक आमच्यावरच चिडायचे. मग एका दुपारी तो डोंगेघाटचे सामने पाहून आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, “संध्या, क्रिकेटचा स्कोअर नेटवर येते. आपल्या कबड्डीनं काय घोडं मारलं?”

झालं. दर दोन-तीन दिवसांनी डोंगेघाटला सामने होत. मार्कंड्याच्या जत्रेआधी अंतिम सामना. ते सगळे आम्ही नेटवर थेट देणार. पण दुकानात फोन एकच, आणि नेट त्याच तारेतून. नेट जोडलेलं असलं की बाहेरून फोन लागायचा नाही. फोन घ्यायचा तर नेट तोडायला लागायचं. म्हणजे सामना ऐकायचा तर छापायचा नाही, आणि छापायचा तर ऐकायचा नाही. कशात काय अन् फाटक्यात पाय!

वाट काढली ती शेजारच्या हमीदभाईंनी. त्यांचा गाद्या भरायचा धंदा, आणि लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला फोन. दोन दुकानांमध्ये प्लायवूडची भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली. त्यांनी कापूस पिंजला की वरून आमच्याकडे यायचा आणि कीबोर्डवर बसायचा. मी आधी फुंकर मारायची, मग टाइप करायची. हमीदभाई म्हणाले, “बेटी, फोन मैं लेता, चिल्लाता भी मैं. तू बस लिख.” ओरडायला कारण मिळालं म्हणून ते मनातून खूशच होते.

तिकडं डोंगेघाटला मैदानाला लागूनच गजाननभाऊचं किराणा दुकान, आणि गावातला फोन तिथं. तो काउंटरवरून मैदान पाहायचा, फोनवर सांगायचा, आणि मधूनमधून दुकानही चालवायचा. हमीदभाई कानावर पडेल ते जसंच्या तसं ओरडायचे. त्यामुळे भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं ते असं: “रामदास गया! लाइन के पास गया! पावभर तेल दिया! दो को आऊट करके आया!” त्यातलं तेल वगळून मी लिहायची.

एकदा घाईघाईत ‘रामदासने तिघांना मारले’ असं लिहून बसले. आमचा जिल्हा कसला, तुम्हाला ठाऊकच आहे. अर्ध्या तासात एक हवालदार दारात. “कोन रामदास? कुठी मारले?” त्याला सगळे नियम समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. शेवटी तो स्वतःच शाळेत असताना कबड्डी खेळलेला निघाला आणि अजून अर्धा तास बसला.

वाचणारे कोण? भद्रावतीच्या कॉलनीतले इकडचे नोकरदार, नागपूर-पुण्याला शिकणारी पोरं, आणि कचेरीतले काही जण, तेही साहेब दौऱ्यावर असले तर. ज्यांच्याकडे आमचा फॉन्ट नव्हता त्यांना सगळे खेळाडू चौकोनच दिसायचे. पानाखाली वाचक मोजणारा आकडा होता. तो प्रमोदभाऊ स्वतःच पान पुन्हापुन्हा उघडून वाढवायचा.

आणि अशात एक दिवस अनुसयाबाई उगवली. ती डोंगेघाटचीच. मासोळीचं टोपलं घेऊन सकाळच्या बसनं यायची, बाजार करून संध्याकाळच्या बसनं परत. भावावरून तिचं आणि हमीदभाईंचं रोज भांडण, आणि तरी रोजची मासोळी त्यांनाच. त्या दिवशी ती टोपलं उतरवत होती, आणि नेमके तेव्हाच हमीदभाई फोन कानाला लावून ओरडले, “रामदास आऊट!”

“कोन आऊट? माहा रामदास? काऊन?”

हमीदभाईंनी भिंतीकडे बोट केलं. बाई टोपल्यासकट आमच्या दारात.

“लिवलं का?”

“लिहिलं,” मी म्हटलं.

“काय लिवलं?”

“रामदास बाद.”

“एवढंच? त्याले परवापासून सर्दी हाय. थे लिव्ह.”

मी म्हटलं, अहो बाई, असं कुठं लिहितात का? तिनं टोपलं उंबऱ्यावर ठेवलं आणि शेजारी बसकण मारली. “लिवत नाई तवरी मी उठत नाई.” आत गिऱ्हाईक येईना, आतलं बाहेर जाईना. टोपल्यातल्या मरळ मधूनच शेपट्या आपटायच्या. प्रमोदभाऊ नाकाला रुमाल लावून म्हणाला, “लिहून टाक माय!” मी लिहिलं: ‘रामदास बाद (परवापासून सर्दी आहे).’ वाचून दाखवलं तेव्हा ती उठली.

पुढच्याच सामन्याला पलीकडच्या गावाहून फोन. “तुमी रामदासची सर्दी लिवली. आमच्या देवानंदची म्हैस हरवली होती, रातभर धुंडून राह्यला होता बिचारा. थे काऊन नाई लिवलं?” बरोबरच होतं त्याचं. लिहिलं.

मग काय, धरणच फुटलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण बाकीकडे टोमणा म्हणून वापरतात. आमच्याकडे ती क्रीडाबातमी होती. कुणाच्या डोळ्यात ऊन गेलं, कुणी आदल्या रात्री नाटक पाहून आला, कुणाची बायको रुसून माहेरी गेलेली, कुणाला वालाच्या शेंगा बाधलेल्या. एकाच्या बापानं तर पोरगा बाद व्हायच्या आधीच कारण सांगून ठेवलं, ऐनवेळी फोन लागला नाही तर म्हणून. शेवटी प्रमोदभाऊनं दोन नियम केले. एका बादला एकच कारण, आणि कारण देणारा खेळाडूच्या घरचा किंवा गावचा पाहिजे. आणि गंमत अशी, की वाचणारे खरोखर वाढले! स्कोअर कोणाला पडलाय? लोक कंसातलं वाचायचे.

मला त्या कामाची खोड लागली होती हे खरं. हिवाळ्यातली दुपार, वरून अलगद उतरणारा कापूस, मॉडेमची ती गळा आवळल्यासारखी किरकिर, आणि हमीदभाईंचा आवाज. मी सामना पाहत नव्हते, पण मला तो दिसायचा. मैदानाच्या कडेनं बसलेली माणसं दिसायची, त्यांच्या मुठीतले भाजलेले चणे दिसायचे. आज उडत्या कॅमेऱ्यातून सगळं दिसतं आणि चण्यांचा वासही येत नाही. म्हातारी झाले असेन. पण तसं वाटतं खरं.

मग एक दिवस भद्रावतीहून प्रमोदभाऊचा साडू आला. त्यानं खबर आणली. तिकडच्या एका कारखान्याच्या कबड्डी संघाला एक गडी हवा होता. एकच. चाचणीला बोलावणं आलं की नोकरी ठरल्यासारखी: पगार, क्वार्टर, म्हातारपणी पेन्शन. संघ निवडणारे साहेब आमचं पान नेमानं वाचत होते. इतक्या आत यायला त्यांना सवड नव्हती. अंतिम सामना नेटवर वाचून नाव ठरवतो, म्हणाले होते.

साऱ्या सामन्यांत रामदासइतकी चढाई कुणाचीच नव्हती. दम असा, की समोरचे धरून धरून थकायचे. लहानपणापासून तळ्यात बुड्या मारलेल्या. अनुसयाबाईला मी साहेबांचं सांगितलं, तशी ती उंबरा सोडून संगणकासमोर येऊन बसायला लागली. पदर डोक्यावर घेऊन विचारलं, “ह्याच्यातून सायेबाले मी दिसते काय?”

“नाही हो.”

“नसन दिसत,” म्हणाली, आणि तरीही पदर सावरूनच बसली. मग जरा वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखी: “बापलेक दोघंई पान्यात. दोघाईचे पाय बाराई महिने सडून राह्यले बाई. एकाचे तं कोरडे होऊ दे.”

त्या दिवसापासून मीही रामदासच्या बाजूची झाले. लाइव्ह देणाऱ्यानं निःपक्षपाती असावं वगैरे ठीक आहे. पण ती तसं बोलताना तुम्ही समोर नव्हता.

सामन्यांत एटापल्लीच्याही पलीकडचा एक संघ होता. त्यांचा कोपऱ्यात उभा राहणारा गडी लालसू. गोंडी बोलणारा, मराठी जेमतेम. त्याच्या गावात फोन नव्हता. म्हणून तो बाद झाला की माझ्या पानावर यायचं, ‘लालसू बाद.’ कंस नाही, काही नाही. मी वाचून दाखवायची. एक दिवस अनुसयाबाईला ते खटकलं.

“ह्या पोराचं कोनी नाई काय?”

“आहेत. फोन नाही त्यांच्याकडे.”

“मंग मी देते कारन. लिव्ह, घरापासून लय दूर आला म्हनाव.”

“घरच्यांनीच द्यायचं असतं अनुसयाबाई. नियम आहे.”

“जळो तुहा नियम,” ती म्हणाली. “कोनाचं तं लेकरू असन ना थे.”

अंतिम सामना डोंगेघाट विरुद्ध लालसूचा संघ. त्या दिवशी तिनं टोपलं रिकामं करायचीही वाट पाहिली नाही. तशीच येऊन बसली. गजाननभाऊचा पहिलाच निरोप वाईट होता. आदल्या दिवशी तळ्यावर डोंग्यातून, म्हणजे होडीतून, उतरताना रामदासचा पाय मुरगळला होता, डावा. घोटा सुजून टम्म, वर पांढरी पट्टी, तरी खेळतोय. अनुसयाबाईनं मान हलवली. तिला ते घरूनच ठाऊक होतं. प्रमोदभाऊ मात्र उजळला. “पाह्य, पयल्यांदा एक खरं कारन हाती लागलं! टाकून दे आताच.”

“ठेव तसंच,” अनुसयाबाई म्हणाली. “लागलं तं काढू.”

सामना असा रंगला की हमीदभाईंचा आवाज बसला. त्यांच्याकडे लग्नाची गादी न्यायला आलेलं एक कुटुंब गादीवरच बसून ऐकत राहिलं. रामदास लंगडत जायचा आणि गुण घेऊन यायचा. शेवटी दोन्हीकडे गुण सारखे, आणि शेवटची चढाई रामदासची. तिकडं गजाननभाऊनं म्हणे दुकानातल्या माणसांना बाहेर काढून फोन खिडकीत धरला होता.

“गया... रामदास गया... दम लगा रहा... कोने में गया...”

आणि पुढं काहीच नाही. मी भिंतीकडे पाहत राहिले. हमीदभाई ओरडलेच नाहीत. फोन तसाच ठेवून ते फिरून आमच्या दारात आले आणि हळूच म्हणाले, “पकड लिया. लालसू ने.”

डोंगेघाट एका गुणानं हरलं होतं. मला रडू येत होतं, पण बोटं थांबत नाहीत ना मेली. मी टाइप करायला लागले, ‘रामदास बाद (डावा पाय...’

“थांब,” अनुसयाबाई म्हणाली. “हमीदभाई, कोन्ता पाय धरला इचारा.”

हमीदभाई परत गेले, विचारून आले. “दाहिना. उजवा.”

“सुजला तं डावा हाय.”

तिनं पदरानं तोंड पुसलं. “पट्टी तं साऱ्याइले दिसून राह्यली होती. त्या पोराले दिसली नसन काय? थो पाय सोडला त्यानं, अन् चांगला धरला.”

मी तिच्या कानाशी लागले. म्हटलं, अनुसयाबाई, साहेब आत्ता वाचत असतील. पाय खरंच सुजलाय, यात खोटं काहीच नाही. सर्दीपेक्षा तर शंभरपट खरं आहे!

“खरं हाय. पन त्याच्यापायी नाई आऊट झाला ना थो. कारन काई नाई. पकडनारा चांगला होता. तसं लिव्ह.”

लिहिलं. ‘रामदास बाद. कारण काही नाही. सुजलेला पाय सोडून चांगला पाय धरला. पकडणारा चांगला होता.’ कंस पुसून टाकला.

थोड्याच वेळात हमीदभाईंचा फोन वाजला. भद्रावतीचे साहेब. प्रमोदभाऊ पळत गेला आणि आम्हाला भिंतीवरून फक्त त्याचं ‘हो साहेब, हो साहेब’ ऐकू आलं. परत आला तो माझ्याकडे न पाहता. साहेब म्हणाले होते, महिनाभर तुमचं पान वाचतोय, तुमच्या जिल्ह्यात धडधाकट माणूस एकही नाही असंच वाटायला लागलं होतं. ज्याच्यापुढं कारण चाललं नाही असा हा पहिलाच पोरगा दिसला. त्या पकडणाऱ्यालाच पाठवा. रामदासचं विचारलं तर म्हणाले, जागा एकच आहे हो.

मला अनुसयाबाईचा असा राग आला! काय गरज होती? पोरगा लंगडत खेळला, ते सांगायचं सोडून पाय कुठला ते विचारत बसली. आजही ती झोपली असली की तिच्याकडे पाहून थोडा येतो. ती मात्र उठली, टोपलं उचललं आणि हमीदभाईंच्या दुकानात गेली. हमीदभाईंनी मासोळी घेतली आणि ती म्हणाली ते पैसे गुपचूप काढून दिले. तशी बाई कडाडली, “काऊन? आज भाव काऊन नाई केला? मी मेली काय?” तेव्हा कुठं त्यांनी दोन रुपये कमी करायला सुरुवात केली, आणि दोघं नेहमीसारखी भांडली. भांडताना तिचा आवाज एकदाच फाटला.

लालसूला निरोप बसच्या कंडक्टरच्या हाती गेला. रामदास दोन दिवसांनी स्वतः आला, लंगडतच. मी पान उघडून दिलं. त्यानं ते एकेक अक्षर लावत वाचलं, मग पुन्हा वाचलं. मला वाटलं आता आईवर उखडणार. तो म्हणाला, “पकड तं मस्तच होती पन.” आणि गेला, संध्याकाळी तळ्यावर जाळं टाकायचं होतं.

वेबसाइट पुढं बंद पडली. प्रमोदभाऊनं झेरॉक्स टाकली. मला नोकरी लागली नाही, लग्न लागलं. हमीदभाईंचा मुलगा आता स्प्रिंगच्या गाद्या विकतो आणि मधली भिंत विटांची झाली आहे. लालसू दर हिवाळ्यात सुटी काढून डोंगेघाटला पंच म्हणून येतो. पोट सुटलंय त्याचं. आला की आधी अनुसयाबाईच्या घरी जेवतो, मग शिट्टी गळ्यात घालतो. ती त्याला लालस्या म्हणते आणि माशाचा मधला तुकडा त्याच्या ताटात वाढते. रामदास अजून तळ्यातच आहे.

तर परवा. मुलींचा सामना सुरू झाला आणि अनुसयाबाई एकदम ताठ बसली. रामदासची वैष्णवी चढाईला आली होती. बापाचाच दम. कोपऱ्यात शिरली, एकीला शिवली, वळली, आणि दोघींनी तिला कमरेत धरलं. शिट्टी वाजली. पोट पुढं काढून उभ्या असलेल्या लालसूनं बोट वर केलं.

“लालस्या!” अनुसयाबाई मोबाइलवर ओरडली. मग सुस्कारा सोडून म्हणाली, “त्यानं देल्लं म्हंजे आऊटच असन.” आणि कोपरानं मला ढोसलं. “लिव्ह ना बाई. रातभर डासाइनं झोपू नाई देल्लं पोरीले.”

“अनुसयाबाई, आता लिहायचं नसतं. आता सगळं दिसतं.”

“दिसते तं खरं. पन कारन कुठी दिसते त्याच्यात?”

मी चष्मा लावला, खाली लिहायची जागा शोधली आणि टाइप केलं, ‘वैष्णवी बाद (रात्रभर डासांनी झोपू दिलं नाही).’ मिनिटही गेलं नसेल, खाली कुणाचं तरी उत्तर आलं. ‘मघाशी आमची पूजा बाद झाली. तिला कालपासून सर्दी आहे. तेही लिहा.’

मी अनुसयाबाईला वाचून दाखवलं. तिनं नाक मुरडलं.

“खोटी असन सर्दी,” ती म्हणाली. “पन लिव्ह.”